लेकरांच्या रक्षणाची भाषा

अमरावती-अकोल्याच्या सुशिक्षित घरांत सध्या एक समाधान नांदत आहे, आणि ते समाधान खोटे आहे, हे आज आम्हांस स्पष्टपणे सांगितले पाहिजे. मुलाच्या हाती मोबाइल दिला खरा. पण त्यात वाईट मजकूर गाळणारी चाळणी आहे, तक्रारीचे बटण आहे, वयाची अट आहे, मग चिंता कशाची, असा ह्या समाधानाचा हिशेब आहे. कागदावर तो बरोबर जुळतो. परंतु ह्या सोयी परदेशांत घडल्या, आणि तेथील भाषा, तेथील घर व तेथील आईबाप डोळ्यांपुढे ठेवून घडल्या. वऱ्हाडातील लेकरू ज्या भाषेत घाबरते, ज्या भाषेत लपवते आणि शेवटी धीर करून ज्या भाषेत बोलते, ती भाषा ह्या साधनांना पुरती येत नाही. ज्या राखणदाराला चोराची बोली कळत नाही आणि घरच्यांची हाकही उमगत नाही, त्याच्यावर जागल सोपवून आपण स्वस्थ झोपलो आहोत.

प्रश्न किती मोठा आहे, हे समजण्यास ‘असर’ ह्या ग्रामीण शिक्षण-पाहणीचा २०२४ चा अहवाल पुरेसा आहे. देशाच्या ग्रामीण भागातील चौदा ते सोळा वर्षांच्या मुलांपैकी सुमारे ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येतो. अशा मुलांपैकी पाहणीच्या आधीच्या आठवड्यात अभ्यासासाठी त्याचा उपयोग केलेली मुले ५७ टक्के होती, तर समाजमाध्यमांसाठी केलेली ७६ टक्के. समाजमाध्यमे वापरणाऱ्यांपैकी नकोशा माणसाला अडवावे कसे किंवा त्याची तक्रार करावी कशी, हे ६२ टक्क्यांनाच ठाऊक होते. म्हणजे दर पाच मुलांतील जवळजवळ दोघे ह्या बाजारात असे हिंडत आहेत की, कोणी मनगट धरले तर ओरडावे कोठे, हेच त्यांना माहीत नाही. ही खेड्यांची गोष्ट झाली, शहरांचे तसे नाही, असे म्हणून राजापेठेतील किंवा रामदासपेठेतील वाचकाने पान उलटू नये. मोबाइल वापरता येणे आणि मोबाइलवर सुरक्षित असणे ह्या दोन वेगळ्या विद्या आहेत. पहिली मुलाला आपोआप येते, दुसरी कोणीतरी शिकवावी लागते.

ही साधने चालतात कशी, ते आधी पाहू. त्यांचे ढोबळ मानाने तीन प्रकार आहेत. पहिला चित्रे ओळखणारा. २००९ साली मायक्रोसॉफ्ट कंपनी आणि डार्टमथ महाविद्यालयाचे प्राध्यापक हॅनी फरीद ह्यांनी ‘फोटोडीएनए’ नावाची पद्धत तयार केली. बालकांवरील अत्याचाराच्या ज्या छायाचित्रांची एकदा नोंद झाली, त्यांचा जणू अंगठ्याचा ठसा घेतला जातो. पुढे तेच चित्र कोठेही आले की ते पकडता येते. ह्या कामाला भाषा लागत नाही, म्हणून ते जगभर सारखेच चालते. परंतु जे चित्र नव्याने काढले गेले, किंवा अजून काढलेच गेले नाही, केवळ मागितले जात आहे, तेथे ही पद्धत हतबल होते. ‘तुझा एक फोटो पाठव, कोणाला सांगू नकोस,’ ही मागणी शब्दांनी होते. तेथे दुसरा प्रकार कामास येतो, तो शब्द ओळखण्याचा. आणि जेथे निरोप असे कुलूपबंद असतात की चालक कंपनीलाही ते वाचता येत नाहीत, तेथे तिसरा प्रकार उरतो, तो म्हणजे मुलाने स्वतः बटण दाबून तक्रार करण्याचा. २०१६ पासून व्हॉट्सॲपवरील संभाषण असे कुलूपबंद आहे. तक्रार केली तरच त्या माणसाचे शेवटचे पाच निरोप कंपनीकडे जातात. तात्पर्य, तीन पहाऱ्यांपैकी दोन पहारे सर्वस्वी भाषेवर उभे आहेत, आणि नेमके तेच आमच्याकडे कच्चे आहेत.

शब्द ओळखणाऱ्या यंत्रापुढे वऱ्हाडी बोली ठेवून पाहा. आमच्या बोलीत ‘ळ’चा ‘य’ होतो. शाळा ‘शाया’ होते, डोळा ‘डोया’ होतो. ‘माझे’चे ‘माह्यं’ होते, ‘का’चे ‘काहून’ होते. हे सर्व आमची मुले देवनागरीत क्वचितच लिहितात. रोमन अक्षरांत लिहितात, आणि त्या लिखाणाला ना व्याकरण, ना शुद्धलेखन. एकाच शब्दाची चार मुले चार रूपे करतात. पुस्तकी मराठीवर पोसलेल्या यंत्राला ह्यातले काय उमगणार? मग दुहेरी अनर्थ होतो. वऱ्हाडात मुलीला सहज प्रेमाने ‘पोट्टी’ म्हणतात. पुण्याच्या कानाला तो शब्द खटकतो. दोन वर्गमित्रांतील ‘काहून बे’ हा निर्मळ जिव्हाळा आहे. परक्या चाळणीला तो शिवीगाळ वाटू शकतो. उलट, अत्यंत गोड, अत्यंत सभ्य शब्दांत एखाद्या नराधमाने लेकराला घातलेला गळ त्याच चाळणीतून अलगद निसटू शकतो. निरपराध अडकावा आणि अपराधी सुटावा, अशा पहाऱ्याला पहारा कोण म्हणेल?

हा केवळ आमचा तर्क नव्हे. २०२१ साली फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे उघड झाली, तेव्हा ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने प्रसिद्ध केलेल्या वृत्तानुसार, भारताच्या बावीस मान्यताप्राप्त भाषांपैकी पाच भाषांसाठीच त्या कंपनीने आपली यंत्रे शिकविली होती. त्यानंतर काही सुधारणा झाली असेल. पण प्रश्न वृत्तीचा आहे. ह्याच कंपन्यांच्या जागेवर मराठीतील जाहिराती आमच्या घराघरांत येऊन पोहोचतात. वऱ्हाडच्या शेतकऱ्याला बियाणे आणि त्याच्या मुलाला बूट विकण्याइतकी मराठी ज्या व्यवहाराला येते, त्याच व्यवहाराला त्या मुलाला वाचविण्याइतकी मराठी येऊ नये, ह्याला अज्ञान म्हणत नाहीत. ह्याला हिशेब म्हणतात.

आता तिसऱ्या प्रकाराकडे, म्हणजे तक्रारीच्या बटणाकडे वळू. भाषांतर केले की काम झाले, अशी एक समजूत आहे. इंग्रजी ‘रिपोर्ट’ शब्दाच्या जागी कोणी ‘अहवाल द्या’ असे लिहिले, तर तेरा वर्षांच्या मुलीला त्यातून काय बोध व्हावा? अहवाल सहकारी पतपेढी देते. घाबरलेले मूल देत नाही. मूल ‘मला हे नको आहे,’ ‘हा मला त्रास देतो,’ एवढेच म्हणते. ‘ग्रूमिंग’ ह्या इंग्रजी शब्दाचा कोशातला अर्थ पाहावा, तर घोड्याला खरारा करणे असा निघतो. वास्तविक मराठीत ‘फूस लावणे’ हा केवढा नेमका शब्द आहे! गोड बोलणे, खाऊ देणे, घरच्यांविषयी मन कलुषित करणे आणि मग आपल्या मागे नेणे, हा सारा व्यापार त्या दोन शब्दांत आला आहे, आणि तो कोणत्याही आजीला समजावून सांगावा लागत नाही. शब्द आमच्याजवळ आहेत. ते ज्यांनी घ्यायचे, त्यांनी कधी विचारले नाहीत. आणि आम्हीही कधी आग्रहाने दिले नाहीत.

आग्रह धरण्याचा वारसा मात्र ह्याच मातीत आहे. महानुभावांच्या ‘स्मृतिस्थळा’त एक प्रसंग नोंदलेला आहे. केशिराजांना संस्कृतात ग्रंथरचना करावीशी वाटली, तेव्हा नागदेवाचार्यांनी त्यांना थांबविले. कारण त्यायोगे पंथातील म्हाताऱ्या त्या ज्ञानाला मुकल्या असत्या. सातशे वर्षांपूर्वी ज्या परंपरेने ज्ञान कोणाच्या कानी पोहोचते ह्याची एवढी चिंता वाहिली, तिचे पवित्र स्थान रिद्धपूर अमरावती जिल्ह्यातच आहे, आणि आज तेथे मराठी भाषा विद्यापीठ उभे आहे. गाडगेबाबांनीही लोकांना वऱ्हाडीतच प्रश्न विचारले, आणि लोकांच्याच तोंडून उत्तर वदवून घेतले. त्यांच्या कीर्तनाने जे साधले, ते पुष्कळ सरकारी पत्रकांना साधले नाही. कारण तेथे बोलणारा वरच्या पायरीवर उभा नव्हता. मुलांना सावध करण्याची रीत शोधण्यासाठी आम्हांला कॅलिफोर्नियाला जाण्याची आवश्यकता नाही.

तथापि केवळ भाषा बदलून भागणार नाही, कारण घरही वेगळे आहे. ‘पालकांचे नियंत्रण’ ह्या नावाने जी साधने मिळतात, त्यांत काही गोष्टी गृहीत धरलेल्या असतात: प्रत्येक मुलाचा फोन स्वतंत्र आहे, आईबापांचे स्वतःचे ईमेलचे खाते आहे, आणि यंत्र चालविण्यात आईबाप मुलाहून वरचढ आहेत. वऱ्हाडातील किती घरांना हे वर्णन लागू पडते? एकच फोन सकाळी वडिलांबरोबर बाजार समितीत जातो, दुपारी आईजवळ असतो आणि रात्री तीन भावंडांत फिरतो. त्या फोनवर वडिलांचे खाते उघडून देणारा, त्यांचा परवलीचा शब्द ठरविणारा आणि तो लक्षात ठेवणारा बहुधा नववीतला मुलगाच असतो. म्हणजे कैद्याच्याच हाती किल्ल्या! २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलांची माहिती हाताळण्यापूर्वी पालकांची पडताळणीयोग्य संमती आवश्यक ठरविली आहे, आणि मुलांवर पाळत ठेवून त्यांना जाहिराती दाखविण्यास मनाई केली आहे. हेतू उत्तम आहे. २०२५ च्या नोव्हेंबरात ह्या कायद्याचे नियम प्रसिद्ध झाले, आणि मुख्य तरतुदींसाठी अठरा महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. परंतु पालकांच्या वतीने मुलानेच बटण दाबायचे असेल, तर ती संमती कोणाची?

आणि घर म्हटले की अब्रू आली. ह्या विषयावर सुशिक्षितांतही मोकळेपणाने बोलले जात नाही, म्हणून आम्ही मुद्दाम बोलतो. धमकी आलेली मुलगी आईला सांगत नाही, ह्याचे कारण तिला शब्द सापडत नाहीत एवढेच नाही. सांगितले की फोन काढून घेतील, शिकवणी बंद होईल, कदाचित शाळाच सुटेल आणि स्थळे पाहणे सुरू होईल, हे तिला पक्के ठाऊक असते. मुलगा सांगत नाही. कारण मुलावरही अशी वेळ येऊ शकते, हेच आम्ही मान्य केलेले नाही. परदेशी साधन अशा वेळी काय करते? आईबापांना ताबडतोब सूचना पाठविण्याचा पर्याय पुढे करते. ज्या घरात सूचनेचा शेवट समजुतीत होतो, तेथे हे योग्यच आहे. जेथे तो मारात होतो, तेथे साधनानेच मुलाचा घात केला असे होईल. म्हणून आमच्याकडील साधनात आईबापांच्या जोडीला आणखी एका विश्वासू माणसाची जागा असली पाहिजे: मावशी, आजी, वर्गशिक्षिका किंवा अंगणवाडी सेविका. लेकराने स्वतः निवडलेले हे माणूस असावे. आमच्या एकत्र कुटुंबाने जी सोय आपोआप ठेवली होती, ती यंत्रात ठेवण्यास कोणतीच अडचण नाही.

येथे कोणी म्हणेल की, एवढा खटाटोप कशासाठी, मुलांच्या हातून फोनच काढून घ्या. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांची दारे बंद केली, हा दाखला दिला जाईल. त्या देशाच्या अनुभवाकडे आपण डोळे उघडे ठेवून पाहावे. पण बंदी ही वयाच्या ओळखीवर चालते, आणि जेथे एका फोनवर घरातील पाच माणसे आहेत, तेथे यंत्राने कोणाचे वय मोजावे? शिवाय आमच्याकडे बंदीचा अंमल प्रथम मुलीवर होतो आणि बहुधा तिच्यावरच संपतो. दुसरा आक्षेप ह्याच्या उलट आहे: मुलांचे सगळे निरोप वाचणारे यंत्र बसवा. हेही आम्हांस मान्य नाही. सतत पाळतीखाली वाढलेले मूल सुरक्षित होत नाही. ते लपविण्यात तरबेज होते. आम्ही पहारा वाढविण्याची मागणी करीत नाही. जो आहे तो शहाणा करण्याची मागणी करीत आहोत.

ह्या मागणीला कायद्याचा आधार आहे. बालकांचे लैंगिक अपराधांपासून संरक्षण करणारा २०१२ चा कायदा, ज्याला आपण ‘पॉक्सो’ म्हणतो, तो सांगतो की मुलाने दिलेली तक्रार त्याला समजेल अशा सोप्या भाषेत लिहून घ्यावी. लिहिण्याची भाषा मुलाला कळत नसेल तर दुभाष्या द्यावा. आणि जबाब घेणारा पोलीस अधिकारी गणवेशात नसावा. २३ सप्टेंबर २०२४ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तर एका शब्दासाठी लेखणी झिजविली. अत्याचाराच्या अशा चित्रांना अश्लील साहित्य म्हणण्याने गुन्ह्याचे गांभीर्य झाकले जाते, म्हणून त्यांना बालकांच्या लैंगिक शोषणाचे व अत्याचाराचे साहित्य म्हणावे, असे न्यायालयाने बजावले. शब्द बदलला की अपराधाकडे पाहण्याची दृष्टी बदलते, हे देशाच्या सर्वोच्च न्यायासनाला पटले. ते कंपन्यांना आणि शिक्षण खात्याला पटायला किती काळ लागावा?

२०२३ च्या कायद्यानेही संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांपैकी कोणत्याही भाषेत वाचण्याची सोय देण्याचे बंधन घातले आहे. मराठी त्यात आहे. अकोला, बाळापूर, अचलपूर येथील अनेक घरांची उर्दूही त्यात आहे. पण धारणी-चिखलदऱ्याची कोरकू त्यात नाही. २०११ च्या जनगणनेत कोरकू मातृभाषा सांगणाऱ्यांची संख्या सात लाखांच्या वर होती. महाराष्ट्र आणि मध्य प्रदेशात पसरलेली ही भाषा मराठीची बहीण नव्हे, ती वेगळ्याच मुंडा कुळातली आहे. मेळघाटातील आश्रमशाळेत घरापासून दूर राहणाऱ्या मुलीच्या हाती उद्या फोन येईल, किंबहुना आलाच आहे. तिच्यासाठी मराठी हीदेखील परकी भाषा आहे, हे आम्ही मराठीचे अभिमानी विसरतो. इंग्रजीने आमच्यावर जो अन्याय केला असे आपण म्हणतो, तोच आपण कोरकूवर करू नये.

चांगले साधन कसे असते, ह्याचा नमुना महाराष्ट्रानेच देशाला दिला आहे. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या छत्राखाली मुलांसाठी १०९८ हा दूरध्वनी सुरू झाला. ‘दस, नौ, आठ’ असे उतरते अंक रस्त्यावरच्या, अक्षरओळख नसलेल्या मुलाच्याही तोंडी बसले. तो आकडा आज देशभर चालतो. त्याचे मर्म एवढेच की, योजना आखणाऱ्यांनी मुलांच्या पातळीवर बसून विचार केला. नंतर आलेल्या कित्येक योजनांना लांबलचक पत्ते आहेत, इंग्रजी अर्ज आहेत, रकाने आहेत. पण मुलाच्या तोंडी बसेल असे नाव नाही.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. केंद्र शासनाने नियमांची मुदत सरण्यापूर्वी कंपन्यांकडून लिहून घ्यावे की, त्यांच्या बालसंरक्षणाच्या साधनांची परीक्षा कोणत्या भारतीय भाषांत आणि बोलींत झाली आहे, आणि मराठी जाणणारी किती माणसे मुलांच्या तक्रारी पाहतात. ही माहिती जनतेपुढे यावी. रिद्धपूरचे मराठी भाषा विद्यापीठ आणि संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ ह्यांनी मिळून वऱ्हाडीतील आणि कोरकूतील अशा शब्दांचा, वाक्प्रचारांचा संग्रह करावा, ज्यांनी मूल आपले भय व्यक्त करते. अशा संग्रहावाचून कोणतेही यंत्र शिकणार नाही. राज्याच्या शिक्षण खात्याने सूचना लिहून न पाठविता बोलून पाठवाव्यात, ध्वनिमुद्रित कराव्यात. कारण जिला वाचता येत नाही, त्या आईलाही ऐकता येते. आणि दोन्ही जिल्ह्यांतील प्रत्येक शाळेने एका शिक्षिकेचे व एका शिक्षकाचे नाव फळ्यावर लिहावे, ज्यांच्याजवळ मुलाने काहीही बोललेले चालेल.

शेवटची मागणी मात्र शासनाजवळ नाही. ती आमच्या सुशिक्षित वाचकाजवळ आहे. मुलाने ‘माह्यं’ म्हटले की त्याला ‘माझं म्हण’ असे टोकणारे आपणच आहोत. आपल्या घरातील बोली गावंढळ आहे, चारचौघांत ती बोलू नये, असा धडा आपण त्याला बालपणीच देतो. शरीराच्या अवयवांची साधी नावे उच्चारली की त्याला गप्प करतो. मग जेव्हा त्याच्यावर खरा प्रसंग येतो, तेव्हा ज्या भाषेत त्याला बोलता येते ती लाजिरवाणी ठरलेली असते, आणि जी प्रतिष्ठित असते तिच्यात त्याला आपले दुःख सांगता येत नाही. अशा रीतीने मूल मुके होते, आणि मुक्या मुलाइतके सोपे सावज दुसरे नाही. कंपन्यांची यंत्रे सुधारतील तेव्हा सुधारोत. आज संध्याकाळी आपले लेकरू जवळ येऊन, अडखळत का होईना, आपल्या बोलीत काही सांगू लागले, तर त्याचे शुद्धलेखन तपासू नका. त्याचे म्हणणे ऐका. पहिला पहारा तोच आहे, आणि तो आपल्याच हाती आहे.